ममाच्या कबरीचा चुना

ज्यूल लेन, १२ मार्च

ऑक्टेव्ह,

माझ्या घेवड्याच्या वाफ्यात कुणीतरी गुलाबी फीत बांधलेली काठी रोवून गेलं. मला वाटलं, पलीकडच्या गल्लीतल्या पोरांचा उद्योग. उपटली आणि कोपऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी एक गोरा मुलगा तिपाईवरची दुर्बीण घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मोजणीची खूण काढू नका, गुन्हा आहे."

"माझ्याच घेवड्यात माझा गुन्हा?"

"तुमचा घेवडा आमच्या हद्दीत आलाय." बोलताना लाजला बिचारा. घामाघूम झाला होता म्हणून मी त्याला कॉफी दिली. पिऊन झाल्यावर त्यानं कप विसळून कठड्यावर पालथा ठेवला, आभार मानले आणि काठी परत रोवली. मग माझं तोंड बघून म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? इथला एक वाटा बेलमॉर कंपनीनं घेतलाय. कौन्सिलर नार्सिस यांचा."

नार्सिस या गल्लीत पुष्कळ झाले. कौन्सिलर एकच झाला.

तुला फोन लावला तर एक मुलगी बोलली. कोण म्हणून सांगू, विचारलं. मी म्हटलं, सांग नेनेनचा फोन आहे. तिनं स्पेलिंग विचारलं. मी म्हटलं, त्याला येतं. ममानं तुझ्या बाप्तिस्म्याला बाहेरची कुणी न बघता मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, तुझी धर्ममाता, म्हणजे नेनेन, केलं होतं. आपण फार दिवस नाही हे तिला तेव्हाच कळलं असावं. तेव्हापासून तू मला युलाली म्हणून कधी हाक मारली नाहीस, नेनेनच म्हणत आलास. तरी तुझा उलट फोन आला नाही, म्हणून हे पत्र.

आपला आजा, पापा ज्यूल, कोर्टाची पायरी कधी चढला नाही. बेलमॉरच्या मळ्यावर ऊस तोडून तोडून त्यानं नदीच्या बांधापासून मागच्या दलदलीपर्यंतची ही पट्टी घेतली, पण मृत्युपत्र केलं नाही. कोर्टात गेलेला काळा माणूस जमीन तिथंच ठेवून येतो, म्हणायचा. जमीन सगळ्यांची राहू दे, म्हणजे कुणा एकाला ती घालवता येणार नाही. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांनी हेच केलं आणि आम्हाला ते शहाणपण वाटत आलं. आता तो मोजणीवाला मुलगा सांगतो की सामाईक जमिनीतला एक जरी वाटा विकला गेला, तर घेणारा कोर्टात जाऊन अख्खी जमीन लिलावात काढायला लावू शकतो. म्हणजे ज्या दोरीनं पापा ज्यूलनं आपल्याला एकत्र बांधलं, तिचंच टोक त्यांच्या हातात.

तू एवढंच सांग की तो मुलगा खोटं बोलला. मी त्याला पुन्हा कॉफी पाजते.

नेनेन

&nbsp;

ज्यूल लेन, ईस्टरनंतरचा सोमवार

ऑक्टेव्ह,

काल तू आलास, बरं केलंस. नारळाचा केक विकतचा आणलास, तेही मी काही म्हटलं नाही. तुझ्यासमोर जे नीट बोलता आलं नाही ते आज लिहिते, कारण तू ओसरीवर बसलास की मला तू सहा वर्षांचा दिसायला लागतोस आणि माझा राग पातळ होतो.

तू म्हणालास, "नेनेन, बेलमॉरचा कारखाना वाढणारच होता. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या जागी दुसरा बसवला असता."

"बसवू द्यायचा होतास. दुसऱ्याला मी मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या."

"निवडणुकीला काय लागतं तुला माहीत नाही."

मला माहीत नाही! तुझ्या पहिल्या निवडणुकीला चर्चमागे उभं राहून कढईत मासे कुणी तळले? शुक्रवारमागून शुक्रवार, तुझ्या प्रचाराच्या पैशांसाठी विकायला माशाची थाळी आणि सोबत बटाट्याची कोशिंबीर. शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले की तशीच तिकडं. केसांतला तेलाचा वास उन्हाळाभर गेला नाही. दुसऱ्या निवडणुकीला तू म्हणालास, आता मासे नको तळूस, दमतेस. मला वाटलं, पोराला माझी दया आली. मग हायवेवर तुझा हसरा फोटो लागला, घराएवढा. तो कुणाच्या पैशानं लागला हे मी तेव्हा विचारलं नाही. फोटोतल्या माणसाच्या घरच्यांनी असं कधी विचारलंय का?

तू म्हणालास, "पूर यायचाच असेल, तर जो आधी बांधावर चढतो तोच मागच्यांना दोर टाकू शकतो."

"मग टाक की. आम्ही कधीचे वर बघतोय."

मग म्हणालास, नोकऱ्या येतील. आलीच आहे की. देझिरेला मिळाली, फाटकावर. तिला मी शाळेत जेवायला वाढलंय, मक्याची पोळी दोनदा मागून घ्यायची. "आत आपल्यातलं कोण आहे?" मी विचारलं. तू म्हणालास, आत शिक्षण लागतं. फाटकावर उन्हात उभं राहायला लागत नाही, असं दिसतं. आणि कंपनीचं नावही त्यांनी मळ्याचंच ठेवलंय, बेलमॉर. पापा ज्यूल ज्याच्यातून सुटला, त्याच नावाच्या फाटकावर त्याच्या गल्लीतली मुलगी उभी आहे. हसू का रडू, तूच सांग.

जाताना तू माझा हात धरून म्हणालास, "आपल्या गल्लीच्या कबरस्तानाला कुणी हात लावणार नाही, नेनेन. कागदात आहे. मी स्वतः कौन्सिलात हात वर केलाय त्याला." मी त्यावर विश्वास ठेवला. दुसरं काही शिल्लक नव्हतं विश्वास ठेवायला.

खोकल्याचं विचारलंस. फुलांचा हंगाम आहे, परागांनी होतो. काळजी करू नकोस.

नेनेन

&nbsp;

ज्यूल लेन, २१ ऑगस्ट

ऑक्टेव्ह,

झाला लिलाव. तू आला नाहीस. यावंस असं मला वाटतही नव्हतं आणि सारखी पायऱ्यांकडे बघतही होते.

कोर्टाच्या दारातच उभं राहून एका माणसानं कागद वाचला. मी चर्चची निळी टोपी घातली होती, पीस असलेली. म्हटलं, जमीन जायची तर कपडे नीट असावेत. कंपनीच्या वकिलानं बोली लावली. त्यानंतर कुणी काही बोलेना, तेव्हा मी हात वर केला. कशाच्या जोरावर केला, विचारू नकोस. आपोआप वर गेला. त्या माणसाला वाटलं, म्हातारी माशी हाकलतेय. त्यानं हातोडी आपटली. माझी छत्री उघडून व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

ओकलंडच्या आणि शिकागोच्या चुलतभावंडांनी आधीच सह्या दिल्या होत्या. शिकागोच्या रोझिननं मला फोनवर सांगितलं, "युलाली, जी जमीन मी कधी बघितलीसुद्धा नाही तिचे पैसे आले, देव पावला." तिला मी काय बोलणार? तिनं ती बघितली नाही, हे खरंच आहे.

न्यायाधीश बाई सभ्य होती. म्हणाली, मॅडम, कायदा असाच आहे. कायदा कुणी असा केला, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तुझ्यासारख्याच कुणीतरी हात वर केला असेल.

सप्टेंबरअखेर घर सोडायचं आहे. बॅटन रूजला म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळालीय. तिथल्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. सामान फारसं नेत नाही. चुन्याची बादली आणि कुंचले मात्र नेतेय. तुझा लहान कुंचलाही आहे, मुठीला फडकं गुंडाळलेला. तुझ्या तळहाताला फोड आले होते म्हणून मी गुंडाळलं होतं, तू तेव्हा सात-आठ वर्षांचा असशील. "ममाची कबर मीच रंगवणार, कुणी हात लावायचा नाही," म्हणून भांडलास आणि निम्मा चुना स्वतःच्या पँटला लावलास.

सर्व संतांच्या सणाला, कबरींना चुना द्यायला, भेटू. त्या दिवशी तरी येशीलच. आपल्यात आईच्या कबरीला धाकट्यानंच चुना द्यायचा असतो. तुझ्याआधी कुणी तो कुंचला धरला नाही आणि तुझ्यानंतर कुणी धाकटं नाही.

नेनेन

&nbsp;

बॅटन रूज, २ नोव्हेंबर

ऑक्टेव्ह,

तू काल आला नाहीस.

मी चुना आदल्या रात्रीच भिजत घातला होता. इमारतीच्या बाईनं विचारलं, हा वास कसला? मी म्हटलं, सणाचा. सकाळी चर्चच्या व्हॅननं आम्हाला नेलं. ज्यूल लेनवर आता एकही घर नाही. माझ्या ओसरीच्या जागी लोखंडी नळ रचलेत. कबरस्तान तेवढं तसंच आहे, पण कुंपणाच्या आत. आत जायचं तर अर्ज आधी द्यायचा, सोबत त्यांचा माणूस, आणि डोक्यावर हेल्मेट.

फाटकावर देझिरे होती. हातात पिवळं हेल्मेट घेऊन माझ्याकडे बघायचं टाळत होती.

"मिस युलाली, टोपी काढावी लागेल."

"देवाच्या घरी मी ही टोपी काढत नाही, तुझ्या कंपनीच्या घरी काढू?"

"मला नोकरी आहे, मिस युलाली. दोन मुलं आहेत."

"मग टोपीवरूनच घाल." तिनं घातलं. खालून पीस बाहेर आलेलं. बायका इतक्या हसल्या, देझिरेसुद्धा हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस गं, हा नियम काही तू केलेला नाहीस.

सगळ्यांनी आपापल्या कबरी रंगवल्या. माझ्या रेमीची मी रंगवली. नवऱ्याशी बोलत बोलत, नेहमीसारखी. पापा ज्यूलची सगळ्यांनी मिळून. मग मेणबत्त्या काढल्या, तेव्हा तो सोबतचा माणूस धावत आला. आत आग पेटवायची नाही, गॅसची लाइन जवळ आहे. फादर म्हणाले, अहो, हा मृतांचा उजेड आहे. तो म्हणाला, मला समजतं फादर, पण नियम आहे. चांगला माणूस होता तोही. या सगळ्या प्रकरणात मला वाईट माणूस असा भेटलाच नाही, ऑक्टेव्ह. सगळे लाजतात, सगळे सॉरी म्हणतात, आणि काठी परत रोवतात.

आम्ही न पेटवलेल्या मेणबत्त्या कबरींवर ठेवल्या. आणि डोक्यावर काय? त्यांच्या धुराड्याच्या टोकाला भडका जळतोय, पुरुषभर उंच, रात्रंदिवस. आम्हाला काडी ओढायची बंदी.

ममाची कबर मी तशीच ठेवली. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, मधे ती एकटी करडी, गेल्या वर्षीचं शेवाळ अंगावर घेऊन. शेजारणी म्हणाल्या, अगं लावून टाक दोन हात, कोण बघतंय? मी म्हटलं, येईल तो. व्हॅनचा ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत मी फाटकाकडे बघत उभी होते. लाज वाटली मला, तुझी नाही, ममासाठी. तिच्याकडे कुणी आलं नाही असं दिसत होतं.

कुंचला धुऊन ठेवलाय.

नेनेन

&nbsp;

बॅटन रूज, १४ जानेवारी

ऑक्टेव्ह,

आता लपवण्यात अर्थ नाही. तो खोकला परागांचा नव्हता. मार्चमध्येच डॉक्टर बाईनं पुन्हा बोलावलं होतं, मी गेले नाही. घराचं निस्तरू दे, मग छातीचं बघू, असं चाललं होतं. आता ती म्हणते, बघण्यासारखं फार नाही. फुप्फुसातून दुसरीकडे गेलंय. मी तिला विचारलं, उन्हाळ्यापर्यंत? ती म्हणाली, आधी ईस्टरचं बोलूया. हुशार आहे पोरगी.

तुला दुखवायला हे लिहीत नाही. एक काम आहे, ते फक्त तूच करू शकतोस.

ममा आणि रेमी यांच्यामध्ये माझी जागा आहे, तुला माहीत आहे. रेमी गेला तेव्हा मीच तेवढं अंतर सोडायला लावलं होतं आणि खड्डा खणणाऱ्याला म्हटलं होतं, मी जाड बाई आहे, जरा ऐसपैस ठेव. काल कंपनीच्या ऑफिसात फोन केला, कसा अर्ज करायचा विचारायला. कोर्टनी नावाच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की त्या कबरस्तानात नवीन दफन करता येत नाही. कौन्सिलचा ठराव आहे. कबरस्तान आहे तसं जतन करायचं, म्हणजे नवीन खोदाई नाही. मी म्हटलं, माझ्या भावानं मला सांगितलंय, कुणी हात लावणार नाही. ती म्हणाली, बरोबर, त्याच ठरावात आहे. मग तिनं तारीख वाचून दाखवली. ईस्टरच्या आदल्या आठवड्यातली.

म्हणजे तू ओसरीवर माझा हात धरलास, तेव्हा झालं होतं.

तू तो कागद वाचला नसणार. त्यांच्या वकिलानं गठ्ठा समोर ठेवला असेल, वर कबरस्तानाचं संरक्षण असं छान लिहिलेलं असेल, आणि तू हात वर केला असशील. तुला वाचायला मी शिकवलं, ऑक्टेव्ह. स्वयंपाकघराच्या टेबलावर, तांदळाच्या पिशवीवरची अक्षरं दाखवून. म्हणून मला जास्त लागतं.

मी जमीन परत मागत नाही. घर मागत नाही. मला ममाजवळ झोपायचंय. तुझ्याकडे जे काय वजन आहे म्हणतोस, ज्याच्यासाठी हे सगळं केलंस, ते एकदा माझ्यासाठी वापर.

नेनेन

&nbsp;

बॅटन रूज, ११ मार्च

राजा,

काल मी कौन्सिलच्या सभेला आले होते. तू मला शेवटच्या रांगेत बघितलंस की नाही कळलं नाही. देझिरेनं सुटी काढून गाडीतून आणलं, ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट. जानेवारीतलं पत्र मिळाल्या दिवशी तू आलास, या खोलीत माझ्या पायाशी डोकं ठेवून रडलास, तेव्हा मी काही बोलले नाही. त्या दिवशी मी तुला जवळ घ्यायला हवं होतं, पण हात उचलेना. दमले होते आणि रागही होता. काल मात्र वाटत होतं, उठून जावं आणि तुझी कॉलर नीट करावी.

तू उभा राहिलास. "मी चूक केली. मी न वाचता मत दिलं," असं माइकवर म्हणालास. सगळे कौन्सिलर एकदम आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. मग तू म्हणालास, "एका बाईसाठी एक जागा मागतोय. तिनं तुमच्यातल्या निम्म्यांच्या मुलांना शाळेत जेवू घातलंय. ती माझी नेनेन आहे." अध्यक्ष थेरियो साहेबांनी चष्मा पुसला. त्यांचा मुलगा मला आठवतो, वाटाणे खायचा नाही, नॅपकिनमध्ये लपवायचा.

मग कंपनीचा वकील उठला. आम्हाला अतिशय सहानुभूती आहे, म्हणाला. पण एकदा अपवाद केला की विस्ताराच्या परवानग्यांवर परिणाम होईल, आणि गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाऊ शकते. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मतदानाला तुझा एकट्याचा हात वर होता. मी सगळ्यांकडे बघत होते, एकही माझ्याकडे बघेना. थेरियो साहेब म्हणाले, पुढचा विषय, बेसबॉल मैदानाचे दिवे.

तू हात खाली घ्यायला विसरलास. दिव्यांची चर्चा सुरू झाली तरी वरच होता.

तुझं वजन होतं, राजा, पण ते त्यांच्या तराजूत होतं. तू त्यांच्या बाजूनं बसलास तोवरच काटा हलत होता. हे तुला आता कळलं, मला कोर्टाच्या दारात कळलं होतं. मी तुला टोचायला म्हणत नाही. दोघांना एकच गोष्ट कळली, एवढंच म्हणते.

देझिरे गाडीत म्हणाली, "कौन्सिलर साहेब मोडले आज." मी म्हटलं, "नाही गं. आज मला तो ओळखू आला."

तुझी नेनेन

&nbsp;

बॅटन रूज, ९ मे

राजा,

पेन धरवत नाही म्हणून देझिरेकडून लिहून घेतेय. ती मधेमधे नाक ओढते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

ईस्टर गेला आणि मी अजून आहे. डॉक्टर बाईची जिरवली. पण आता फार नाही.

तू विचारलंस, कुठे? हायवेजवळ ते नवीन कबरस्तान आहे ना, हिरवळीचं, तिथंच कर. देझिरे जाऊन बघून आली. तिथे कबर बांधायची नाही, फक्त जमिनीच्या पातळीला पाटी, म्हणजे गवत कापायचं यंत्र वरून जातं. मी आयुष्यभर लोकांच्या पुढून ताटं उचलली, आता वरून यंत्र फिरेल. असू दे. चुना लावायची तिथं परवानगी नाही. तू लावायला जाऊ नकोस, उगाच कुणाशी भांडण होईल. माझी कबर करडीच राहणार, त्यात तुझा दोष नाही असं म्हणणार होते, पण तुझा आहे.

हे मी मुद्दाम लिहून घेतेय. मी गेल्यावर चर्चमध्ये कुणीतरी उभं राहून म्हणेल, युलालीनं सगळ्यांना माफ केलं. तसं म्हणू देऊ नकोस. कंपनीला मी माफ केलेलं नाही, त्या हातोडीवाल्याला नाही, आणि त्या कौन्सिलमधल्या कागदांत डोकी घालणाऱ्यांना तर मुळीच नाही. तुझ्यावरही राग आहे. आणि तू माझा आहेस. दोन्ही आहे. दोन्ही घेऊनच जाणार.

(मिस युलाली पाणी प्यायला थांबल्या होत्या. – देझिरे)

बादली आणि कुंचले देझिरेकडे ठेवलेत. नोव्हेंबरात ये. अर्ज आधी दे, नाहीतर सोडणार नाहीत, तू कोण आहेस ते आता कुणी विचारणार नाही. चुना रात्री भिजत घाल. सकाळी भिजवलास तर गाठी राहतात, दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी विसरायचास. ममाला फार दिवस तसं ठेवू नकोस. तिला वाटेल, हिला सोपवलेलं पोर कुठे हरवलं.

जेवत जा.

नेनेन

&nbsp;

१ नोव्हेंबर

नेनेन,

हे कुठे पाठवायचं माहीत नाही, तरी लिहितोय. आजवर तूच लिहीत आलीस.

अर्ज दिला होता. नातं काय या रकान्यात मुलगा लिहिलं. फाटकावर देझिरेच होती. तिनं हेल्मेट दिलं आणि बादलीत डोकावून म्हणाली, "सकाळी भिजवला ना?" मी म्हटलं, हो. "पंचवीस वेळा सांगितलं असेल त्यांनी." मग तिनं काठी घेतली आणि गाठी फोडत बसली, युनिफॉर्मवर चुना उडेपर्यंत.

ममाची कबर दोन वर्षांची करडी होती. शेवाळ खरवडायलाच निम्मा वेळ गेला. फडकं गुंडाळलेला कुंचला माझ्या मुठीत मावेना, दोन बोटांत धरावा लागला. तरी त्यानंच रंगवली. चारही बाजू, वरचा क्रूस, नावाच्या अक्षरांच्या खाचासुद्धा. बायका आपापल्या कामात होत्या. कुणी माझ्याशी बोललं नाही. जसा मी त्यांच्या ओळखीचाच नव्हतो. मग रेमीची केली, कारण तिला आता कुणी नाही. चुना हातावर वाळून कातडी तडतडायला लागली.

निवडणूक मी हरलो, तू असतीस तर तुला देझिरेनं सांगितलं असतं. हायवेवर आता दुसऱ्याचा फोटो आहे, माझ्यापेक्षा मोठा.

ममा आणि रेमी यांच्या मधली तुझी ती जागा तशीच आहे. ऐसपैस. गवत वाढलंय, त्यात कंपनीची गुलाबी फीत असलेली एक काठी आहे. बादलीत चुना उरला होता. सोबतचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "वेळ झाली, सर." मी गुडघ्यावर बसलो. काठी उपटून बाजूला ठेवली. गवतावर डोक्यापासून पायापर्यंत एक पट्टा ओढला, मग दुसरा, मग आडवे दोन. तुझ्या मापाची चौकट. तू जाड बाई होतीस, म्हणून जरा रुंद केली. मग आतही भरत गेलो, गवताची पाती पांढरी करत, बादली तळाला लागेपर्यंत.

तो माणूस म्हणाला, "सर, इथे कबर नाही." मी म्हटलं, "माहीत आहे."

तो फाटकावरच्या देझिरेकडे वळला. देझिरेनं पाठ फिरवली आणि वर धुराड्याच्या त्या भडक्याकडे बघत उभी राहिली, माझं होईपर्यंत.

पाऊस येईस्तोवर राहील ती जागा पांढरी.

ऑक्टेव्ह